मौन ही संमती नव्हे!

पैठणचे एकनाथ देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत होते, त्या काळची एक कथा मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. स्वामींनी त्यांच्याकडे हिशेबाचे काम सोपवले होते. एके दिवशी जमाखर्चात एका पैची तफावत आली. रात्र चढत गेली, दिव्यातील तेल सरत आले. पण एकनाथ वह्यांपुढून उठले नाहीत. उत्तररात्री ती पै सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, मग संसारातली चूक सापडली तर केवढा होईल, असे स्वामींनी त्यांना म्हटले, अशी ही कथा. कीर्तनकार तिचा उत्तरार्ध रंगवून सांगतात आणि ते योग्यच आहे. मात्र आजच्या गृहस्थाने तिच्या पूर्वार्धाकडेही जरा लक्ष द्यावे. पै क्षुल्लक आहे, म्हणून सोडून द्यावी, असे त्या हिशेबनिसाला वाटले नाही.

त्याच देवगिरीच्या पायथ्यापासून अवघ्या पंधरा किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर वसले आहे. या शहरातील एखादे मध्यमवर्गीय घर डोळ्यांसमोर आणावे. ज्योतीनगरातले म्हणा, सिडकोतले म्हणा किंवा गारखेड्यातले. निवृत्त शिक्षक असलेला घरातील कर्ता पुरुष दिवंगत झाला आहे. तेराव्यानंतर त्यांची पत्नी कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कामासाठी पासबुक घेऊन बँकेत जाते. काउंटरवरील कर्मचारी पासबुक छापून देतो आणि त्यात दर महिन्याला कधी १४९, कधी २९९, तर वर्षातून एकदा दीड हजार रुपये वजा झालेले दिसतात. कशाचे, ते तिला ठाऊक नसते. मुलगा पुण्याहून येतो, वडिलांचा भ्रमणध्वनी उघडून पाहतो, तेव्हा उलगडा होतो. भजने ऐकवणारे एक अ‍ॅप, नातवाने सुट्टीत सुरू केलेला एक खेळ, क्रिकेट सामन्यापुरती घेतलेली एक वाहिनी. माणूस गेला, त्याची वर्गणी मात्र जिवंत राहिली!

असे घर शोधायला फार लांब जावे लागणार नाही. आपल्या गल्लीत, कदाचित आपल्याच घरात ते सापडेल. रक्कम लहान असते म्हणून कोणी बोलत नाही. ज्येष्ठांना तर आपण फसलो हे मुलांना सांगण्याचीच लाज वाटते. नेमक्या या मौनावर आज एक मोठा व्यवसाय उभा आहे.

वर्गणीची उलटी रीत

मराठी घराला वर्गणी नवी नाही. साप्ताहिकाची, मासिकाची, वाचनालयाची, व्याख्यानमालेची वर्गणी भरणे हा सुसंस्कृत घराचा एक नेमच होता. भारतात टपाल खात्याकडून मनिऑर्डरची सोय १८८० मध्ये सुरू झाली. त्यानंतर शतकभराहून अधिक काळ खेड्यापाड्यांतील वर्गणीदार आपल्या आवडत्या नियतकालिकाला मनिऑर्डरने पैसे पाठवत राहिले. वर्ष संपले की अंकाच्या वेष्टनावर सूचना येई : आपली वर्गणी संपली आहे, कृपया नूतनीकरण करावे. वाचक विचार करी. अंक आवडत असेल तर टपाल कचेरीत जाई, अर्ज भरी, पैसे देई. नको असेल तर काहीच करत नसे. अंक आपोआप बंद होई.

या रीतीत एक मूलभूत शहाणपण होते. पैसे देण्यासाठी कृती लागे. न देण्यासाठी काही करावे लागत नसे. दर वर्षी संपादकाला वाचकाचा विश्वास नव्याने मिळवावा लागे. आज ही रीत नेमकी उलटी झाली आहे. पैसे देत राहण्यासाठी काहीच करावे लागत नाही. थांबवण्यासाठी मात्र शोधाशोध, चौकशी आणि मनःस्ताप. ‘मौन हे संमतीचे लक्षण’ हे वचन आपण लग्न ठरवताना गमतीने उच्चारतो. बाजाराने त्याचेच भांडवल केले आहे.

या उलट्या रीतीची पहिली चव भारतीयांना इंटरनेटच्या आधी साध्या भ्रमणध्वनीवर मिळाली. न मागितलेली गाणी, राशिभविष्य, क्रिकेटचे धावफलक सुरू होत आणि प्रीपेडच्या शिलकीतून पैसे कापले जात. चुकून एखादी कळ दाबली गेली तरी ती ‘मागणी’ ठरे. तक्रारींचा ओघ वाढल्यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१३ मध्ये अशा सेवांसाठी ग्राहकाची दुहेरी संमती बंधनकारक केली आणि त्या बंद करण्यासाठी १५५२२३ हा एकच क्रमांक ठरवून दिला. त्यातून एक धडा मिळाला. ग्राहक एकेकटा कुरकुरत राहिला, तर काही होत नाही. तक्रार नोंदली गेली की नियम बदलतो.

रिझर्व्ह बँकेचे कवच

आज जगातील अनेक देशांच्या तुलनेत भारतीय ग्राहकाच्या हाती या बाबतीत अधिक चांगले साधन आहे; पण ते आहे हेच पुष्कळांना माहीत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये कार्डावरून आपोआप होणाऱ्या आवर्ती वसुलीसाठी नियम केले. पुढे जानेवारी २०२० मध्ये ते यूपीआयलाही लागू केले आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून त्यांची काटेकोर अंमलबजावणी सुरू झाली. या नियमांचा गाभा चार गोष्टींत सांगता येईल. पहिली, अशी वसुली सुरू करताना ग्राहकाची ओटीपी किंवा पिनद्वारे स्पष्ट संमती हवी. दुसरी, प्रत्येक वसुलीच्या किमान चोवीस तास आधी कोण, किती आणि केव्हा पैसे घेणार याची सूचना ग्राहकाला मिळाली पाहिजे. तिसरी, ती संमती मागे घेण्याची सोय बँकेने दिली पाहिजे. चौथी, या सोयीसाठी ग्राहकाकडून शुल्क घेता येणार नाही. जून २०२२ पासून पंधरा हजार रुपयांपर्यंतच्या वसुलीला दर वेळी ओटीपी लागत नाही. त्यावरील रकमेला सर्वसाधारणपणे लागतो. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचे देयक यांसाठी ही मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये एक लाख करण्यात आली.

हे नियम लागू झाले तेव्हा उद्योगांकडून बरीच ओरड झाली. अनेकांच्या परदेशी सेवांचे हप्ते अडले, काही लहान व्यवसायांचीही गैरसोय झाली. ती तक्रार सर्वस्वी खोटी नव्हती. तरीही ‘आधी विचारा, मग घ्या’ हे तत्त्व देशाच्या मध्यवर्ती बँकेने ठामपणे मांडले, याचे स्वागतच केले पाहिजे. खंत आहे ती वेगळीच. ती चोवीस तास आधीची सूचना इंग्रजी संदेशात येते, जाहिरातींच्या ढिगाऱ्यात पडते आणि न वाचता पुसली जाते. कायद्याने दार उघडे ठेवले आहे. पण दाराची कडी कुठे आहे, हे घरातील आजी-आजोबांना कोणी सांगितलेले नाही.

‘इलियड’ची पाने

हे केवळ निष्काळजी ग्राहकाचे दुखणे नाही. ग्राहक अडकावा अशी रचना हेतुपुरस्सर केली जाते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉन कंपनीविरुद्ध प्राइम सदस्यत्वाबाबत दावा दाखल केला. सदस्यत्व रद्द करण्याच्या प्रक्रियेला कंपनीत ‘इलियड’ हे टोपणनाव होते, असे त्यात नमूद आहे. होमरचे इलियड म्हणजे प्रदीर्घ युद्धाचे महाकाव्य. चार पाने, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय ओलांडल्यावर सदस्य बाहेर पडू शके, असा आयोगाचा आरोप होता. कंपनीने दोष मान्य केला नाही. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली आणि त्यातील दीड अब्ज ग्राहकांना परत करण्याचे ठरले. त्याच वर्षी जुलैत ‘एका क्लिकमध्ये सदस्यत्व रद्द’ करण्याचा आयोगाचा सर्वसाधारण नियम मात्र तेथील अपील न्यायालयाने प्रक्रियेच्या कारणावरून रद्द ठरवला. जर्मनीने याआधीच, १ जुलै २०२२ पासून, आंतरजालावर केलेले असे करार तेथेच एका ठळक बटणाने संपवण्याची सोय कायद्याने सक्तीची केली आहे.

भारतही मागे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी करून आंतरजालावरील फसव्या रचनेचे तेरा प्रकार निषिद्ध ठरवले. त्यात ‘वर्गणीचा सापळा’ हा स्वतंत्र प्रकार आहे. रद्द करण्याची वाट लपवणे किंवा किचकट करणे तर त्यात येतेच. पण फुकट सेवेसाठी कार्डाची माहिती किंवा आपोआप वसुलीची परवानगी सक्तीने मागणे हेही त्यात येते. ग्राहकाच्या नकळत टोपलीत विमा किंवा देणगी टाकणे, किंमत शेवटच्या पायरीवर वाढवणे, ‘नाही, मला बचत नको’ अशी ओशाळवाणी वाक्ये ग्राहकाच्या तोंडी घालणे, हे सारे याच यादीत आहे.

मात्र कागदावरचा नियम आणि बाजारातील वर्तन यांत अंतर आहे. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करण्यास सांगितले. नोव्हेंबरात २६ मोठ्या कंपन्यांनी आपण नियम पाळतो असे स्वयंघोषणापत्र दिल्याचे सरकारने जाहीर केले. परीक्षार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासावी, तसा हा प्रकार झाला. सुरुवात म्हणून ठीक. पण यापुढे त्रयस्थ तपासणी आणि दंड यांशिवाय धाक बसणार नाही. ज्या पडद्यावर सेवा सुरू झाली, त्याच पडद्यावर, तितक्याच पायऱ्यांत आणि ग्राहकाच्या भाषेत ती बंद करता आली पाहिजे, असा स्पष्ट नियम व्हावा.

घरातली एक संध्याकाळ

सरकार करील तेव्हा करील. तोवर घरातील पै घरानेच शोधली पाहिजे. त्यासाठी वर्षातून दोनदा, एका रविवारची संध्याकाळ पुरते. गुढीपाडवा आणि दिवाळी हे हिशेबाचे मुहूर्त आपल्याकडे आहेतच.

प्रथम बँकेच्या आणि क्रेडिट कार्डाच्या मागील बारा महिन्यांच्या नोंदी समोर घ्याव्यात. तीन महिन्यांच्या नोंदी पुरत नाहीत, कारण वार्षिक वर्गणी वर्षातून एकदाच दिसते. त्याच त्या रकमेची, त्याच त्या नावाची नोंद जिथे जिथे येते, तिथे खूण करावी. मग प्रत्येक खुणेपुढे दोन प्रश्न : हे कोणी घेतले, आणि अजून हवे आहे का?

दुसरी गोष्ट अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. भ्रमणध्वनीवरून अ‍ॅप काढून टाकले म्हणजे वर्गणी रद्द होत नाही. वर्गणी जिथे घेतली, तिथेच ती तोडावी लागते. गूगलच्या प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर त्याच्या सबस्क्रिप्शनच्या यादीत, अ‍ॅपलच्या फोनवर सेटिंगमधील आपल्या नावाखाली, थेट कंपनीकडून घेतली असेल तर तिच्या संकेतस्थळावरील खात्यात ती सापडते. यूपीआयने पैसे जात असतील तर त्या अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ या नावाची यादी असते. ही सोय जुलै २०२० पासून आहे. चालू परवानग्या तिथे दिसतात आणि रद्दही करता येतात. कार्डावरील परवानगी बँकेच्या संकेतस्थळावर पाहता येते. जे यांपैकी कुठेच सापडत नाही, त्यासाठी बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी कंपनीकडे सेवा रद्द करावी, मग पैशाची परवानगी काढावी. केवळ परवानगी काढली तर करार उरतो आणि व्यायामशाळा किंवा शिकवणीवर्ग थकबाकी मागू शकतो. रद्द झाल्याचा ई-मेल किंवा पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे. उद्या वाद झाला तर तोच पुरावा असतो.

एक रुपयात महिनाभर सेवा, अशा आमिषाबाबत विशेष सावधगिरी हवी. तो एक रुपया देताना ग्राहक पिन टाकतो, तेव्हा तो पुढील प्रत्येक वसुलीला परवानगी देत असतो. त्याच पडद्यावर कमाल रक्कम आणि मुदत लिहिलेली असते. ती न वाचता पिन टाकणे म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही करणेच होय. सेवा खरोखर पाहायचीच असेल तर घेतल्याच दिवशी रद्द करण्याची वाट शोधून ठेवावी आणि मुदत संपण्याच्या दोन दिवस आधीची तारीख भिंतीवरील कॅलेंडरवर लिहावी.

या उत्साहात एक चूक मात्र होऊ नये. आपोआप जाणारा प्रत्येक पैसा वाया जात नाही. कर्जाचा हप्ता, आयुर्विमा, म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणूक यांच्या परवानग्या तोडल्या तर विलंब शुल्क आणि विमा खंडित होणे पदरी येते. दर वर्षी मेअखेरीस जाणारे २० रुपये प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे आणि ४३६ रुपये जीवन ज्योती विमा योजनेचे असतात. सुरक्षा योजनेत अपघाती मृत्यूला, तर जीवन ज्योतीत कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूला दोन लाखांचे संरक्षण आहे. वारसांना ही नोंद ठाऊक असणे अधिक गरजेचे. मागच्या शिक्षकाच्या घरी पासबुक पाहताना नको असलेल्या वर्गणीबरोबर अशी एखादी नोंदही सापडू शकते, आणि ती वेळेत लक्षात आली तर घराला आधार ठरते. म्हणूनच घरातील चालू हप्त्यांची एक यादी, नावे व तारखांसह, वहीत लिहून घरातील दोघांना तरी माहीत असावी.

दाद कुठे मागावी?

रद्द केल्यावरही पैसे गेले तर प्रथम कंपनीला लेखी कळवावे. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे; तेथे मराठीतूनही बोलता येते. आपल्या संमतीविना व्यवहार झाला असेल तर बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवावे. दोष त्रयस्थाचा असेल, तर इतक्या मुदतीत कळवणाऱ्या ग्राहकावर तोटा पडू नये, असा रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम होता. बँकेने तीस दिवसांत समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करण्याचा अधिकार दिला. कंपनी बंगळुरूची असो वा मुंबईची, संभाजीनगरच्या ग्राहकाला संभाजीनगरातच न्याय मागता येतो. वकील सक्तीचा नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

येथे एक धोक्याची सूचना दिलीच पाहिजे. रद्द करण्यासाठी आंतरजालावर ग्राहक सेवेचा क्रमांक शोधणे हा आज सर्वांत घातक मार्ग ठरतो आहे. भामटे खोटे क्रमांक पेरून ठेवतात, पडदा दाखवणारे अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगतात आणि १९९ रुपये परत मिळवायला गेलेला माणूस आयुष्याची पुंजी गमावून बसतो. पैसे परत मिळण्यासाठी पिन किंवा ओटीपी कधीही द्यावा लागत नाही. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० हा क्रमांक फिरवावा.

संघटित ग्राहकाचा वारसा

महाराष्ट्राला या लढ्याची परंपरा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. केंद्राचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला, म्हणजे त्याच्या बारा वर्षे आधी मराठी मध्यमवर्गातील कार्यकर्ते वजन, माप आणि भाव यांचा हिशेब मागत होते. तराजूत मारलेली काटछाट त्या पिढीला दिसत होती. आजचा तराजू पडद्यामागे आहे, एवढाच फरक.

त्यामुळे वस्तीवस्तीतील कामाचे स्वरूपही बदलायला हवे. समर्थनगरातील ज्येष्ठ नागरिकांची बैठक असो की सिडकोतील महिला मंडळ, कार्यक्रमानंतरचा अर्धा तास एखाद्या जाणत्या तरुणाने प्रत्येकाच्या फोनवरील ऑटोपेची यादी उघडून दाखवली, तर ते शंभर पत्रकांहून अधिक उपयोगी ठरेल. मात्र पिन कोणाचाही विचारू नये आणि रद्द करण्याची कळ ज्याची त्यानेच दाबावी. आपल्या संस्थांनीही हाच नियम स्वतःला लावून घ्यावा. वाचनालय, नियतकालिक, देणगी योजना, सगळ्यांनीच सभासदाला दर वर्षी स्वच्छ शब्दांत विचारावे : पुढे चालू ठेवायचे का? उत्तर आले नाही, तर ते ‘होय’ समजू नये. ज्याच्या कामावर समाजाचा विश्वास आहे, त्याला हे विचारण्याची भीती वाटण्याचे कारण नाही.

आणि घरातल्या तरुणांनी एक गोष्ट मनाशी बाळगावी. आई-वडिलांच्या पासबुकातील अनोळखी नोंद दिसली की आधी ‘कशाला नको तिथे हात लावलात’ असे म्हणू नये. तो एक कठोर शब्द त्यांना पुढच्या वेळी गप्प बसवतो आणि त्या गप्प बसण्याचीच बाजार वाट पाहत असतो. शेजारी बसावे, चष्मा पुढे करावा आणि नोंदी एकत्र वाचाव्यात. पै दोघांनाही सापडेल.